रहीम साहेब : पोलिसांच्या संघातून देशाला सुवर्णपदक मिळवून देणारे शाळामास्तर

जून उजाडला की आमच्या रायगडच्या किनाऱ्याचं रूपच पालटतं. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकल्या जातात, शाळा उघडतात, आणि मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत पोरांच्या क्रिकेटच्या बॅटी माळ्यावर जाऊन पडतात. चिखलात क्रिकेट होत नाही. मग बाहेर येतो फुटबॉल. असर ते मगरिब, पाऊस असो वा नसो, पोरं मैदानात.

याच जून महिन्याच्या ११ तारखेला, १९६३ साली, हैदराबादमध्ये एका शाळामास्तरांचा इंतेकाल झाला. नाव सय्यद अब्दुल रहीम. भारताने आशियाई स्पर्धांत फुटबॉलचं सुवर्णपदक आजवर दोनदाच जिंकलं, १९५१ ला दिल्लीत आणि १९६२ ला जकार्तात. दोन्ही वेळा संघाचे प्रशिक्षक हेच होते. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी सिनेमा आला, तेव्हा आपल्या घरातल्या पोरांना हे नाव पहिल्यांदा कळलं. सिनेमा म्हटला की तिखटमीठ आलंच. म्हणून आज आम्ही त्यांची गोष्ट साधीसरळ, घडली तशी सांगणार आहोत.

सांगण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या बहुतेक गावांनी एखादा फुटबॉल संघ उभा राहताना पाहिलाय. कुणीतरी आखातातून सुट्टीवर येतो, जर्सी छापून घेतो, गोलपोस्टला जाळी लावतो. दोन सीझन धमाल असते. मग पैसे घालणारा परत जातो, चांगली खेळणारी चार पोरं नोकरीसाठी मुंबई गाठतात, आणि जर्सी घरात पुसायला वापरली जाते. घरातली मोठी माणसं पहिल्यापासून विचारतच असतात, बॉलमागे धावून पोट भरणार आहे का? प्रश्न चुकीचा नाही. रहीम साहेबांच्या आयुष्यात त्याचं बरंचसं उत्तर सापडतं. आणि ते उत्तर अर्धवट कुठे राहिलं, तेही त्यातच दिसतं.

शाळेतला मास्तर

रहीम साहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. हे विद्यापीठ तेव्हा उर्दूतून उच्च शिक्षण देत होतं, हे आपल्या वाचकांना माहीत असेलच. तरुणपणी ते स्वतः चांगले खेळाडू होते. कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या संघातून खेळायचे. पण नाव कमावलं ते शिकवण्यात. पदवीनंतर त्यांनी शाळेत मास्तरकी धरली. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा हैदराबादच्या शाळांतून त्यांनी शिकवलं. मग शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे देशाचा संघ हाताखाली आला तरी त्यांची पद्धत वर्गातल्या मास्तरचीच राहिली. कोणता मुलगा कुठे कच्चा आहे ते बघायचं, त्याच्यासाठी वेगळा धडा काढायचा, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत गिरवून घ्यायचा. मदरशात कायदा गिरवून घेणारे उस्ताद आपण सगळ्यांनी पाहिलेत. हरफ नीट उमटल्याशिवाय पुढचं पान उलटू देत नाहीत. रहीम साहेब मैदानावर असेच होते.

चाळीसच्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि शेवटपर्यंत राहिले. त्याच सुमारास हैदराबाद सिटी पोलीस या संघाची तालीमही त्यांच्याकडे आली.

पोलिसांचा संघ म्हणजे काय?

आजच्या पोरांना क्लब म्हटलं की कोट्यवधींचे करार आठवतात. त्या काळी आपल्या देशात फुटबॉलपटूला तसा पगार देणारं कुणी नव्हतं. फुटबॉलवर पूर्ण पोट भरत नव्हतं, पण फुटबॉलमुळे नोकरी मिळत होती. रेल्वे, पलटण, गिरणी, तेल कंपन्या आणि पोलीस खातं खेळाडूंना कामावर घ्यायचं. मुंबईत टाटा आणि कॅलटेक्सचे संघ असेच होते. महिन्याला ठरलेला पगार, सकाळ-संध्याकाळ सराव, स्पर्धा आली की ड्युटीतून सूट. म्हणजे हौशीही नाही आणि पूर्ण व्यावसायिकही नाही, दोन्हींच्या मधलं.

हैदराबाद सिटी पोलीस हा असाच संघ. गरीब घरातला एखादा पोरगा बरा खेळतो असं दिसलं की त्याला खात्यात घ्यायचं. अंगावर वर्दी आली की घरचा चुलाही पेटता राहायचा आणि पायातला खेळही सुटायचा नाही. वडिलांना पोराच्या खेळाची लाज वाटत नव्हती, कारण पहिल्या तारखेला पगार घरी येत होता. बॉलमागे धावून पोट भरणार का, या प्रश्नाचं हैदराबादने दिलेलं उत्तर हे असं होतं.

१९४८ नंतरचं हैदराबाद

इथे थोडा इतिहास आठवायला हवा. आपल्या किनाऱ्यावर जंजिऱ्याचं सिद्दी नवाबांचं संस्थान होतं. ते १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निजामाचं हैदराबाद संस्थानही विलीन झालं, पण ते सैन्य घुसल्यावर. आजचा मराठवाडा, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे, याच संस्थानात होते. त्यामुळे तिथल्या मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरांतल्या आजी-आजोबांकडे त्या दिवसांच्या आठवणी अजून निघतात.

संस्थान गेलं तसं निजामाचं सैन्य विसर्जित झालं. दरबार आणि फौजेवर पोट असलेल्या हजारो घरांची मिळकत थांबली. सर्वसामान्य मुस्लिम कुटुंबांनी राजकारणात काही केलेलं असो वा नसो, तो काळ त्यांना भीतीचा आणि अडचणीचा गेला. काही घरं पाकिस्तानला गेली, बहुतेक इथेच राहिली. आपलं पुढे काय होणार, हा प्रश्न प्रत्येक मोहल्ल्यात होता.

आता तारखा बघा. संस्थान विलीन झालं १७ सप्टेंबर १९४८ ला. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्याच वर्षी दिल्लीत ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात कोलकात्याच्या मोहन बागानला हरवून तोही उचलला. ड्युरँड १८८८ पासूनची स्पर्धा, रोव्हर्स १८९१ पासूनची. देशातल्या सर्वांत जुन्या आणि मानाच्या स्पर्धांपैकी या दोन. आणि १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धांत भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून रहीम साहेब उभे होते. अंतिम सामना इराणशी झाला. मेवालाल यांच्या एका गोलवर भारत जिंकला. कर्णधार होते शैलेन मन्ना.

ज्या शहरातल्या लोकांच्या निष्ठेवर शंका घेतली जात होती, त्या शहरातल्या एका मास्तरने तीन वर्षांच्या आत देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं. आम्हाला ही बाब फार मोठी वाटते. त्यांनी भाषणं केली नाहीत, कुणाला जाब विचारला नाही. रोज वेळेवर मैदानात हजर राहिले आणि काम करून दाखवलं.

मुंबईचा कूपरेज आणि सलग पाच वर्षं

रोव्हर्स कप मुंबईत कुलाब्याजवळच्या कूपरेज मैदानावर व्हायचा. आपल्या किनाऱ्यावरचे लोक तेव्हा बोटीने मुंबईला ये-जा करायचे. कुणी गोदीत, कुणी जहाजावर, कुणी डोंगरी-माझगावकडे छोट्या-मोठ्या कामाला. त्यांच्या मुंबईत दरवर्षी हैदराबादचे पोलीस यायचे आणि कप घेऊन जायचे. १९५०, ५१, ५२, ५३ आणि ५४, सलग पाच वर्षं. ड्युरँडही त्यांनी १९५४ आणि १९५७ मध्ये पुन्हा जिंकला. हैदराबाद राज्याच्या संघाने राष्ट्रीय स्पर्धेची संतोष ट्रॉफी १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षं मिळवली, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबईचाच संघ होता.

तेव्हा फुटबॉलची राजधानी कोलकाता. पैसा तिथे, प्रेक्षक तिथे, मोठे क्लब तिथे. हैदराबादकडे काय होतं? काही मोकळी मैदानं, हवालदाराच्या पगारावर खेळणारी पोरं आणि एक मास्तर.

तालीम कशी होती

त्यांची तालीम कशी होती हे थोडं सविस्तर सांगतो. आपल्या गावच्या पोरांना ते आजही उपयोगी पडेल, आणि त्यात खर्च काहीच नाही.

आपल्याकडे अजूनही जो पोरगा चार जणांना चकवून नेतो त्याच्या नावाने टाळ्या पडतात. रहीम साहेबांनी हैदराबादमध्ये अशा स्पर्धा भरवल्या ज्यात चकवून न्यायला बंदीच होती. बॉल आला की तो पुढे द्यायचा. एका स्पर्शात, फार तर दोन स्पर्शांत. त्यामुळे पोरांना बॉल येण्याआधीच डोकं वर करून पाहायची सवय लागली. कोण कुठे मोकळा आहे ते आधीच ठाऊक असायचं.

दुसरी स्पर्धा कमजोर पायाची. उजव्या पायाने मारणाऱ्याने डाव्याच पायाने खेळायचं. सुरुवातीला हसू व्हायचं, पण काही आठवड्यांत दोन्ही पाय कामाला लागायचे. तिसरी स्पर्धा उंचीची. ठराविक उंचीपेक्षा जास्त असलेल्या मुलांना त्यात घ्यायचं नाही. वय लपवता येतं, उंची लपत नाही. त्यामुळे लहान चणीच्या मुलांना दांडग्यांच्या धक्क्याविना खेळता आलं आणि त्यांच्यातलं कसब पुढे आलं.

जग कुठे चाललंय याकडेही त्यांचं लक्ष असायचं. १९५२ मध्ये हेलसिंकीला हंगेरीचा संघ मधल्या आघाडीपटूला मागे ठेवून कसा खेळतो ते त्यांनी पाहिलं आणि इथे येऊन तो धडा आपल्या पोरांना दिला. पुढे चार बचावपटू, मध्ये दोन आणि पुढे चार अशी जी मांडणी ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात जगाला दाखवली, तिच्यावर रहीम साहेब आधीपासून विचार करत होते. असं आज फुटबॉलचे जाणकार सांगतात.

दहा गोल आणि एक धडा

त्यांच्या वाट्याला फक्त विजय आले असं नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपला एकमेव गोल अहमद खान यांचा. थंडी कडाक्याची आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अनवाणी खेळून भारताने फ्रान्सला झुंजवलं होतं, फक्त २-१ ने हरले होते. त्या कौतुकात चार वर्षं गेली. हेलसिंकीने डोळे उघडले. त्यानंतर देशाच्या फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

लहानपणापासून अनवाणी खेळलेल्या पायाला बूट म्हणजे ओझंच. आमच्या रेतीत खेळणाऱ्या पोराला एकदम स्टडचे बूट घालून पळायला सांगा, म्हणजे कळेल. सवय मोडायची आणि नवी लावायची, हे काम पुन्हा मास्तरांकडेच आलं. दहा गोल खाल्ल्यावर माणूस एकतर सबबी सांगतो किंवा कामाला लागतो. रहीम साहेब कामाला लागले.

मेलबर्न, आणि मुंबईचा नेव्हिल

चारच वर्षांनी, १९५६ मध्ये मेलबर्नला, त्याच देशाच्या संघाने ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. आशियातल्या कुठल्याही देशाला तोवर हे साधलं नव्हतं. उपांत्यपूर्व सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. त्यात तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांचे. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल भारताने केला, तोही नेव्हिल यांनीच. पण शेवटी ४-१ ने हार झाली. कांस्यपदकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने हरवलं आणि भारत चौथा आला. १०-१ वरून चौथ्या क्रमांकापर्यंतचा हा प्रवास चार वर्षांचा.

त्या संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अहमद हुसैन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम अशी हैदराबादची मोठी फळी होती. कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, बंगाली, तेलुगू, गोवेकर. रहीम साहेबांनी निवड करताना पाय पाहिले, नावं पाहिली नाहीत. हैदराबादची पोरं जास्त होती, कारण त्यांची तालीम पक्की होती.

सायकलचं भाडं

बलराम यांची गोष्ट आम्हाला खास सांगावीशी वाटते. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा वस्तीतला हा गरीब घरचा मुलगा. रहीम साहेबांनी त्याला खेळताना पाहिलं आणि सरावाला हैदराबादला यायला सांगितलं. अंतर बरंच आणि जायला पैसे नाहीत. अडचण कळल्यावर रहीम साहेबांनी भाड्याच्या सायकलचे पैसे स्वतः दिले. तोच मुलगा पुढे दोन ऑलिंपिक खेळला. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम ही त्रयी भारतीय फुटबॉलमध्ये आजही एका दमात घेतली जाते.

आपल्या गावात अशी किती पोरं असतील? म्हसळ्याच्या आतल्या एखाद्या वाडीतून श्रीवर्धनच्या मैदानापर्यंत यायला एसटीचं भाडं नाही म्हणून घरी बसलेली? त्यांना मोठा क्लब नकोय. त्यांना पाहणारा आणि येण्याजाण्याची सोय करणारा एखादा माणूस हवाय.

दुसरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या घरातली. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम स्वतः चांगले खेळाडू. १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात त्यांची निवड झाली होती. प्रशिक्षक वडील. पण तिथल्या तिन्ही सामन्यांत हकीम यांना मैदानात उतरायला मिळालं नाही. त्या जागेवर जो सरस वाटला तो खेळला. घरच्या पोराला एक सामना तरी द्यावा असं कुठल्या बापाला वाटणार नाही? पण शिफारशीवर जागा देणं या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. हकीम यांनी पुढे आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक म्हणून स्वतःचं नाव केलं. २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये त्यांचंही निधन झालं.

रोममध्ये भारताने हंगेरीला चांगलंच दमवलं, २-१ ने हरलो. फ्रान्सला १-१ असं रोखलं. पेरूकडून ३-१ ने हरून बाहेर पडलो. पदक नाही, पण युरोपच्या संघांशी बरोबरीने खेळणारा भारत जगाने पाहिला. त्यानंतर आजपर्यंत भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पोहोचलेला नाही.

जकार्ता, १९६२

आता शेवटचं पान. १९६२ च्या आशियाई स्पर्धा जकार्तात भरल्या. रहीम साहेबांना फुफ्फुसाच्या कर्करोगाने घेरलं होतं. तरी ते संघाबरोबर गेले.

सुरुवातच खराब झाली. पहिला सामना दक्षिण कोरियाशी, २-० ने हार. मग थायलंडला ४-१ ने आणि जपानला २-० ने हरवून संघ पुढे सरकला. पण मोल भारी पडलं. बचावातले आधारस्तंभ जर्नेलसिंग यांचं डोकं फुटलं, टाके पडले. टाके पडलेला बचावपटू हेडर कसा मारणार? दुसऱ्या कुणी त्यांना बाहेर बसवलं असतं. रहीम साहेबांना आठवलं की जर्नेल आधी आघाडीला खेळायचे. त्यांनी त्यांना पुढे पाठवलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ ने हरवलं, त्यात जर्नेल यांचाही गोल होता.

मैदानाबाहेर वेगळंच पेटलं होतं. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर हरकत घेतली. तिथले लोक खवळले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. खेळाडूंचा त्या वादाशी काही संबंध नव्हता, पण राग त्यांच्यावर निघत होता. ४ सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया, आणि जवळपास एक लाखाचं मैदान भारताच्या विरोधात ओरडणारं.

त्या गर्दीत भारतासाठी आवाज देणारे थोडेच होते. त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता, असं आपले खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले. दोन देशांत तेव्हाही कमी तणाव नव्हता. पण परक्या मुलुखात ही पोरं आपल्या पोरांसाठी टाळ्या वाजवत होती.

सामन्याआधी रहीम साहेबांनी पोरांकडे एकच गोष्ट मागितली. उस्तादाला निरोपाची भेट म्हणून ते पदक. पोरांनी दिलं. पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. बॅनर्जी आणि टाके पडलेले जर्नेलसिंग यांनी दोन गोल केले. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला, पण सामना भारताने २-१ ने जिंकला. कर्णधार चुनी गोस्वामी. गोलमध्ये पीटर थंगराज. मैदानात हैदराबाद पोलिसांचे युसूफ खान होते, मुंबईत टाटांकडून खेळणारे गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको होते, आणि मुंबईच्याच कॅलटेक्सचे चंद्रशेखर होते. वर सांगितलेले ते नोकरीवाले संघ आठवा. देशाचं सुवर्णपदक त्या पगारावर उभं होतं.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, रहीम साहेब गेले. वय अवघं ५३. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. ना पद्म पुरस्कार, ना मोठा सरकारी सन्मान. त्यानंतर भारताला आशियाई फुटबॉलचं सुवर्ण पुन्हा मिळालं नाही.

मग संघाचं काय झालं?

आता अर्धवट राहिलेल्या उत्तराकडे येऊ. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात गेलं. सिटी पोलीसचं नाव पुढे आंध्र प्रदेश पोलीस झालं. त्या नावानेही त्यांनी १९६१ चा ड्युरँड जिंकला. पण कोलकात्याचे क्लब जास्त पैसे देऊ लागले आणि बलराम, अहमद हुसैन यांच्यासारखे खेळाडू तिकडे गेले. कुणाला दोष देणार? घर सगळ्यांना असतं. रहीम साहेब होते तोवर एक गेला की दुसरा तयार होत होता. ते गेल्यावर तयार करणारा हात राहिला नाही. काही वर्षांतच हा संघ देशाच्या नकाशावरून पुसट होत गेला. शिखरावरचा काळ मोजला तर जेमतेम पंधरा वर्षांचा.

हे हैदराबादलाच झालं असं नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. कॅलटेक्सचा संघ आज कुणाला आठवतोय? खुद्द रोव्हर्स कपही गेली वीसहून जास्त वर्षं बंद आहे. संघ एका माणसाच्या जिवावर किंवा एका मालकाच्या मर्जीवर उभा असेल, तर तो माणूस गेला किंवा मर्जी फिरली की सगळं संपतं. आखातातून येणाऱ्या जर्सीच्या पैशावर चालणारे आपले गावचे संघ याच कारणाने मिटतात.

पण एक गोष्ट उरली. पी. के. बॅनर्जी पुढे कोलकात्यात देशातले मोठे प्रशिक्षक झाले आणि आपण रहीम साहेबांकडून शिकलो असं सांगत राहिले. हकीम यांनीही पुढच्या पिढीला शिकवलं. कप कपाटात गंजले असतील, शिकवलेलं मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं.

म्हणून आपल्या गावच्या जमातींना, शाळांना आणि सुट्टीवर येणाऱ्या भावांना आमची विनंती आहे. जर्सी द्या, जरूर द्या. पण त्यातले काही पैसे गावातल्या एखाद्या तरुण मास्तरला प्रशिक्षणाच्या कोर्सला पाठवायला ठेवा. त्याच्या हाताखाली दुसरा एक तयार होईल हे बघा. पोराचा अभ्यास आणि नोकरीची वाट सुटणार नाही याची काळजी घ्या. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात आणि रेल्वेत आजही भरती होते, ती माहिती घरोघरी पोहोचू द्या. आणि लांबच्या वाडीवरचा एखादा पोरगा नुसत्या भाड्यापायी घरी बसलेला दिसला, तर त्याचं भाडं भरा.

रहीम साहेबांनीही एका पोराच्या सायकलचं भाडं भरलं होतं. अल्लाह त्यांची मगफिरत करो. आमीन.